एक की दोन

दुपारी दीडला गोळीबार चौकात
कुत्रंही सावली सोडत नाही,
तेव्हा सुजात आला, तोंडाला दुपट्टा बांधून.
टेबलावर कूलरची मोटर पालथी पडलेली,
रनिंगचं वाइंडिंग शाबूत, स्टार्टिंगचं काळं.

"काका, मीटर आहे ना?"
मूठ उघडली. दोन नळ्या,
बॉलपेनच्या टोपणाएवढ्या, काचेच्या,
तळाशी मधासारखं काहीतरी उरलेलं.
"एक सिंगल कॉइलची आहे, एक डबल.
दोन्ही सारख्याच दिसून राहिल्या.
मित्राच्या आहेत."
मित्राच्या, म्हटलं. बरं.
बंदी आहे हे त्याला ठाऊक, मला ठाऊक,
रसवंतीत बसलेल्या हवालदारालाही ठाऊक.

आधी टोकाला टोक लावून पाहिलं.
माझ्या मीटरच्या दोऱ्याच दोन दशांश खातात,
जुन्या झाल्या.
आपला विरोध आधी वजा करावा, मग दुसऱ्याचा मोजावा.
मग एक टोक मधल्या खिळीला,
एक आट्यांच्या कडेला.
पहिली नळी : एक पूर्णांक दोन. म्हणजे एक.
दुसरी : दोन पूर्णांक दोन. म्हणजे दोन.

"ही डबल," मी पहिली सरकवली. "अन् ही सिंगल."
"उलटं नाही का? दोन असल्या तर आकडा मोठा पाहिजे."
"एकामागे एक असत्या तर मोठा.
ह्या शेजारी-शेजारी बसतात.
मोमिनपुऱ्यात ईदच्या आदल्या रात्री
एक गल्ली उघडी असली तर गर्दी लवकर निघते, का दोन?"
तो हसला. मनोहरसारखा,
आधी डोळे, मग बाकीचं.

खरं तर तिथेच थांबायचं.
पण सवय वाईट. दुसरी नळी भिंगाखाली धरली,
हवेच्या भोकातून टॉर्च मारला.
चार पाय.
दोन कॉइलींचे चार पाय.
एकीवरचा कापूस काळा ठिक्कर,
तार मधोमध तुटलेली.
मीटर खोटं बोलला नव्हता.
जळालेल्याला तो धरत नाही, एवढंच.

किती वेळ पाहत बसलो.
तार, पीळ, कापूस.
बाप माझा कोष्टीपुऱ्यात कांड्या भरायचा सुताच्या,
मी तांब्याच्या भरतो,
आणि कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात कुणीतरी
केसाएवढ्या तारेला सहा वेढे देऊन
वर कापूस गुंडाळला होता.
बाईचा हात असावा. वेढे सारखे होते.

"काय झालं काका?"
"ही पण डबल होती."

बाहेर पाटीवर अजून
'शंभरकर-हेडाऊ वाइंडिंग वर्क्स'.
मनोहरला जाऊन तीन उन्हाळे झाले.
वार्निश देता देता बिडी ओढायचा,
मी ओरडायचो, एक दिवस पेट घेईल रे.
दुकानानं नाही घेतला.
पेंटर दोनदा विचारून गेला, नाव पुसू का.
म्हटलं, सीझन होऊ दे.

तू ओढतोस का, हे जिभेवर आलं होतं.
विचारलं, जेवला का.
"मग हिला आता सिंगल म्हणायचं का डबल?"
त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं,
किंवा मित्राला.

तेवढ्यात उमरेड रोडच्या बाई आल्या,
मोटर झाली का, लेकराला घामोळ्या आल्या म्हणाल्या.
मी सुजातपुढे छिन्नी ठेवली :
"हे काळं काढ. जपून.
खालचं चांगलं आहे, त्याला लागू देऊ नको."
तो बसला. त्याच स्टुलावर.
दुपट्टा सोडून खिळ्याला अडकवला,
जिथे अडकवायची पद्धत होती.

नळ्या डब्यामागे राहिल्या की खिशात गेल्या,
मी पाहिलं नाही.
मीटर बंद करायचा राहून गेला होता,
दोऱ्या टेबलाखाली मोकळ्या लोंबत होत्या
आणि पडद्यावर, डाव्या कडेला,
एक.
काहीच जोडलेलं नसलं
की तो तेवढंच दाखवतो.